अभिप्रायाखाली तापीबाईंचा नंबर

मार्केटिंग कशाशी खातात ते अख्ख्या तळोद्यात एकट्या मलाच कळतं, असं मी यंदाच्या आखाजीआधी, म्हणजे अक्षय्य तृतीयेआधी, छातीठोकपणे सांगत होते. तुम्ही विचारलं असतंत तर तुम्हालाही सांगितलं असतं. न विचारताही सांगितलं असतं!

मी रक्षा. बाजारपेठेत आमचं मसाल्याचं दुकान आहे. पुढे गल्ला, तराजू आणि सासरे. मागे एक लांबट खोली. त्या खोलीत मिरची निवडायची, मसाला कुटायचा, पाकिटं भरायची. सासऱ्यांचं नाव पारसमलजी, आम्ही त्यांना बाऊजी म्हणतो. नवरा मयंक तराजूपाशी बसतो आणि घरात वाद सुरू झाला की वजनं पुसायला घेतो. आमच्यापुरतं आम्ही मारवाडीतच बोलतो, पण तुमच्यासाठी मराठीत सांगते.

मागची खोली म्हणजे माझं राज्य! लग्न होऊन शहाद्याहून आले तेव्हापासून मी तिथेच रमले. आणि एक दिवस जेवताना बाऊजींनी ताटावरून मान वर न करता सांगून टाकलं, "मागची खोली धर्मेंद्रला भाड्याने देतोय. मोबाइलची कव्हरं विकणार तो. मसाला बाहेरून कुटून आणू."

"आणि मी?"

"तू घरी आराम कर, बेटा."

आराम! मला आराम म्हटलं की अंगावर काटा येतो. मी तिथल्या तिथे भात कालवायचा सोडला आणि म्हणाले, "आखाजीपर्यंत थांबा. मी वेबसाइट काढलीय ना! गावोगावचं गिऱ्हाईक आणून दाखवते. नाही आलं तर खोलीची किल्ली मीच धर्मेंद्रभाऊंच्या हातात देईन!"

बाऊजी म्हणाले, "बघितली तुझी वेबसाइट. भाव छापून ठेवलाय! मग गिऱ्हाईक बोलणार काय? आणि बोललंच नाही तर घेणार काय?"

मयंकने वाटीच पुसायला घेतली.

आता खरं सांगते, वेबसाइटची अवस्था बेताचीच होती. तोवर दोन ऑर्डरी आल्या होत्या. एक माझ्या भावाची. दुसरी माझी स्वतःची, बटण चालतं की नाही बघायला दाबली होती. तेव्हा मी मोबाइलवर एका मोठ्या मार्केटिंगवाल्याचे व्हिडिओ पाहिले. तो काळा कोट घालून सांगत होता, "तुमच्या मालाची स्तुती तुम्ही करू नका! ती गिऱ्हाइकाला करू द्या! खरं नाव, खरा फोटो, खरा अनुभव! नुसतं 'छान आहे' कामाचं नाही. काय झालं, कसं झालं, ते आलं पाहिजे! आणि ते किमतीच्या शेजारीच छापा, म्हणजे किंमत बघून घाबरलेलं माणूस तिथेच थांबतं!"

मी उडालेच! एवढी सोपी गोष्ट! आमच्याकडे गिऱ्हाइकांची काय वानवा आहे? दुसऱ्या दिवशी मोबाइल घेऊन मी गल्ल्याशेजारी उभी राहिले.

पहिल्याच आल्या तापीबाई. म्हसावदच्या. बोली अहिराणी, घरी केळी आणि ऊस, आवाज असा की एसटीचा कंडक्टर घंटी न वाजवता यांच्या हाकेवर गाडी सोडेल. मी लग्न होऊन आले त्याआधीपासून मसाला आमच्याकडूनच नेतात. म्हटलं, यांच्याइतकं पक्कं गिऱ्हाईक दुसरं नाही. मी कॅमेरा सुरू केला.

"मावशी, आमचा मसाला कसा वाटतो?"

तापीबाईंनी मसाल्याची चिमूट उचलली, नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. "काय मसाला शे हाऊ, शेठ! रंग देखा याना! नुसती वीटनी पूड! गया वखतले तं घरमा कोणी तोंडमा बी घाला नही!"

आणि मग म्हणाल्या, "दोन किलो बांधा. मिरची बी द्या."

मी थक्क! बाऊजी मात्र शांतपणे पुडा बांधत होते. दुसरं गिऱ्हाईक आलं, त्याने मिरचीला भुसा म्हटलं आणि पिशवी भरून नेली. तिसऱ्याने सांगितलं की याहून चांगला मसाला नंदुरबारला फुकट मिळतो. तोही घेऊन गेला! संध्याकाळपर्यंत माझ्या मोबाइलमध्ये एवढी बदनामी साठली की शेजारच्या दुकानदाराने ती विकत घेतली असती.

शेवटी न राहवून मी म्हसावदला तापीबाईंच्या घरी गेले. ओसरीवर बसवलं त्यांनी, चहा दिला. मी रडकुंडीला येऊन विचारलं, "मावशी, एवढा वाईट आहे का हो आमचा मसाला?"

"कोन म्हणस?"

"तुम्हीच म्हणालात की!"

तापीबाई हसून हसून बेजार. "येडी व्हयनी का तू! दुकानमा चांगला म्हणू तं शेठ उद्या भाव वाढाई टाकी! खरं सांगू? तुमना मसाला बिगर मन्ही शेवभाजी व्हसच नही!"

तर असं होतं! आमच्या बाजाराची रीतच ती, आणि मी व्यापाऱ्याच्या घरात वाढून विसरले होते. तराजूसमोर माल चांगला म्हणायचा नसतो. चांगला म्हटला की खिशाला चाट बसते. मग मी पटकन कॅमेरा सुरू केला, आणि तापीबाई पदर सावरून असं काही बोलल्या म्हणता!

"मन्हा जवाई भलता रुसका शे. मांगला साल आखाजीले आंडेरले, मन्ही पोरले, लेवाले उना, नि म्हणे लगेच निंघनं शे. मी या मसालानी शेवभाजी कयी. तो चार दिन ऱ्हायना! मीच कटाळी गऊ!"

काय अभिप्राय होता तो! काळ्या कोटवाल्याला दाखवला असता तर त्याने कोट उतरवून ठेवला असता. दुसरा अभिप्राय मिळाला जालमसिंगचा. हा तळोद्याहून धडगावकडे जीप चालवतो. त्याने सांगितलं, "भाभी, घाटमा डुलकी लागनी का मी तुमनी मिरचीनी चटणी जिभवर ठेवस. डोया असा फाटतस का रातले बी मिटत नहीत!"

दोन्ही अभिप्राय मी फोटोसकट टाकले. तापीबाईंचा मसाल्याच्या किमतीशेजारी, जालमसिंगचा मिरचीच्या. खाली अहिराणीचा साधा मराठी अर्थही दिला. मग बसल्या बसल्या मला आणखी एक कल्पना सुचली, माझी स्वतःची, काळ्या कोटालाही न सुचलेली! आपल्याकडे लोक विचारतात ना, "कोणाच्या ओळखीने आलात?" मग ओळख करूनच द्यावी! मी दोघांना फोन केला. "अभिप्रायाखाली तुमचा नंबर टाकू का? लोकांना खात्री पटेल."

"टाक ना वं," तापीबाई म्हणाल्या. "नंबर शे तं फोन येईच."

जालमसिंग म्हणाला, "टाका भाभी, तेवढंच पॅसेंजर भेटी."

मी नंबर टाकला आणि त्या आनंदात मयंकला जबरदस्तीने मिठाई आणायला पाठवलं.

आठवडाभर मी वेबसाइट उघडून बसले. ऑर्डर? शून्य. पुन्हा उघडली. शून्य! बाऊजी रोज विचारत, "आलं का तुझं गावोगावचं गिऱ्हाईक?" मी म्हणायची, "येतंय, बाऊजी, वाटेत आहे." धर्मेंद्रने तर भिंतीला कोणता रंग द्यायचा तेही विचारून घेतलं. गुलाबी देणार होता मेला, माझ्या खोलीला!

आणि एका सकाळी तापीबाई दुकानात उभ्या. नेहमीची पिशवी नाही, चेहरा करारी.

"शेठ, मसाला काय भाव?"

"तुम्हाला माहीत आहे की."

"माले नको. पुणानी पोरले जोयजे. अर्धा किलो. आनि नागपूरनी मास्तरीनले एक किलो. आते वळखना भाव सांगा!"

बाऊजींचा हात तराजूवरच राहिला. "पुण्यात कोण आहे तुमचं?"

"कोणी नही. फोन उना. म्हणे, आजी, मसाला खरंच चांगला आहे का? मी म्हणनू, मन्हा नाववर ले!"

"मग ओळख कुठली?"

"अर्धा घंटा बोलनू ना फोनवर! तिले सासू शे, सासूले तिखट चालत नही, बठ्ठं सांगं तिनी. आजून कितली वळख जोयजे?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला! आमच्याकडे शिफारस म्हणजे नुसतं तोंडाने 'चांगलं आहे' म्हणणं नसतं हो. ज्याच्या ओळखीने जायचं, तो सोबत येतो. शेतकऱ्याला बैल घ्यायचा असो की नवरीला शालू, ओळखीचा माणूस दुकानात आधी शिरतो, भाव तोच पाडतो, आणि माल खराब निघाला तर भांडायलाही तोच जातो. मी तापीबाईंना अभिप्राय मागितला होता. त्यांनी जबाबदारी घेतली होती! पुण्या-नागपूरची बायामाणसं माझ्या बटणाकडे ढुंकूनही न बघता थेट तापीबाईंना फोन करत होती, आणि तापीबाई त्यांच्या वतीने आमच्याशीच भांडायला येत होत्या.

"बीनणी," सुनेला मारायची ती हाक मारून बाऊजी माझ्याकडे वळले. "गिऱ्हाइकाचा नंबर तू जगाला वाटलास?"

"विचारून वाटला, बाऊजी!"

"आणि आता ती ओळखीचा भाव मागतेय. ज्यांना तिने कधी पाहिलंही नाही त्यांच्यासाठी!"

"तोंड तं माले दखाडनं पडी ना!" तापीबाई गरजल्या. "मन्हं नाव शे तठे, फोटो बी शे! आनि वरथून मूठभर घाला!"

बाऊजींनी रागारागात भाव पाडला. वरून मूठभर घातलं, आणि पाकिटं भरून मी कुरियरने पाठवली. मयंकने सगळी वजनं पुसून झाली म्हणून तराजूचा दांडा पुसायला घेतला.

मी तापीबाईंना बाजूला घेतलं. "मावशी, फोन आला की एवढंच सांगा, माल उत्तम आहे, वेबसाइटवर बटण दाबा."

"तसं मी सांगत नही," त्या म्हणाल्या. "मी खरं सांगस. मसाला ले, मिरची ले, हळद नको लेऊ. यास्नी हळद बराबर नही."

"मावशी!!"

"खोटं शे का?"

खोटं नव्हतं. पण मी वेबसाइटवर हळदीपुढे 'सोनेरी' लिहून ठेवलं होतं! माझ्याच वेबसाइटवर माझंच गिऱ्हाईक माझ्याच हळदीची लक्तरं टांगत होतं, आणि तेही मीच दिलेल्या नंबरवरून! मला रडावं की चिडावं कळेना. मी चिडले. चिडणं मला जास्त जमतं.

नंबर काढून टाकायचा असं मी ठरवलंच. पण त्याआधी आठवडी बाजाराचा दिवस उजाडला. तोच दिवस नेमका धर्मेंद्रनेही निवडला होता! टेप घेऊन तो खोली मोजायला आला. मी दारात आडवी उभी. तो म्हणतो, "वहिनी, जरा सरका, कपाटाचं माप घ्यायचंय." मी म्हणते, "आखाजी झाली नाही अजून!" बाऊजी पुढून ओरडतात, "मोजू दे गं, मोजल्याने खोली झिजत नाही!"

एवढ्यात जालमसिंगची जीप करकचून ब्रेक दाबत दुकानापुढे थांबली. मागून नाशिकची चार माणसं उतरली. तोरणमाळला निघालेली, गाडी हवी म्हणून नव्हे, तर मिरचीबद्दल विचारायला त्यांनी फोन केला होता, आणि जालमसिंगने म्हटलं होतं, फोनवर काय कळतंय, चला दाखवतो. तोरणमाळ एकीकडे, तळोदा दुसरीकडे! त्यातल्या एका जाड्या गृहस्थांचा चेहरा टोमॅटोसारखा झालेला, डोळ्यांतून धारा, तोंडातून फक्त "हा... हा..." एवढंच निघत होतं.

"काय केलंस रे यांना?" मी किंचाळले.

"काय नही, भाभी. म्हणेत, घाटमा डुलकी जास ते खरं का? मी म्हणनू, देखी ल्या. यास्नी बोट नही, चमचा भरी खादी!"

गृहस्थ सरळ माठापाशी गेले आणि पेल्याच्या नादी न लागता माठच तोंडाला लावला. बाजारातली माणसं जमायला लागली. आणि त्या गर्दीतून वाट काढत, हातात मोबाइल उंच धरून, साक्षात तापीबाई!

"शेठ! हाई देखा! देखा बठ्ठा जन!"

मोबाइलवर पुण्याहून आलेला फोटो होता. आमचं पाकीट फुटलेलं. मी हौसेने मागवलेलं, समोर पारदर्शक खिडकी असलेलं पाकीट! तापीबाई तो फोटो भाजीवालीला दाखवत होत्या, बांगडीवाल्याला दाखवत होत्या, धर्मेंद्रलाही दाखवला. "पुणानी पोरना घरमा तिखटनी रांगोळी व्हयनी! तिनी सासू शिंकी शिंकी हैराण! मन्हं नाव गयं! मी आते आठेच बससू. दुसरं पाकीट बांधा, मन्हा डोयासमोर!"

आणि त्या दुकानाच्या पायरीवर मांडी घालून बसल्या. बाजाराच्या दिवशी! आमच्या दारात!

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. खोली गेली, हे मी मनात पक्कं केलं. किल्ली कमरेलाच होती, ती काढून हातात घेतली. डोळे भरून आले, ते तिखटाने असं सांगायची सोय होती म्हणून बरं!

तेवढ्यात तापीबाईंचा फोन वाजला. पुण्याचाच. त्यांनी स्पीकर लावला.

"आजी, बोललात का दुकानदाराशी?"

"बोली ऱ्हायनू. शेठ समोरच शे."

"मग त्यांना सांगा, दुसरं पाकीट पाठवायचा खर्च मी देणार नाही! आणि मला यावेळी एक किलो हवाय. सासूबाईंनी शिंकत शिंकत आमटी केली त्याचीच, दोनदा वाढून घेतली. पण भाव कमी करायला सांगा! एक किलोला अर्ध्या किलोचा भाव कसा लावतील?"

बाऊजींनी कान टवकारले. मान जरा तिरकी केली. मग गल्ल्यावरून उठले आणि पायरीवर तापीबाईंच्या शेजारी जाऊन उकिडवे बसले.

"बाई, आधीच ओळखीचा भाव दिलाय!" त्यांनी फोनला सांगितलं.

"पाकीट फुटलं त्याचं काय?"

"बदलून देतो की! पण याहून खाली येणार नाही!"

"मग मी पुण्यातच घेते."

"घ्या! खुशाल घ्या! तिथला मसाला खाऊन जावई चार दिवस राहतो का विचारा!"

"काका, तुम्ही थोडं खाली या, मी अडीच किलो घेते. माझ्या दोन मैत्रिणींनाही हवाय."

"तापीबाई, काय म्हणता?"

"मन्ही पोर शे. खाले या, शेठ!"

मी आजवर बाऊजींना इतकं खूश पाहिलं नव्हतं. चेहरा उजळलेला, आवाज चढलेला, एक हात हवेत! पुण्यातली बाई तळोद्याच्या बाजारात भांडत होती, आणि अख्खा बाजार ऐकत होता! सौदा ठरला तेव्हा भाजीवालीने टाळ्या वाजवल्या. नाशिकच्या गृहस्थांनी माठ खाली ठेवला आणि घोगऱ्या आवाजात, "मला... अर्धा किलो... ओळखीच्या भावाने," असं म्हटलं. जालमसिंगने लगेच त्यांच्या वतीने घासाघीस सुरू केली!

बाऊजी उठले, गुडघे झटकले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंस? मला वाटलं तुझ्या वेबसाइटवर बोलता येत नाही!"

माझा तर बोलणं बंद करायचा बेत होता!

मग ते धर्मेंद्रकडे वळले. "खोली रिकामी नाही, भाऊ. इतका माल कुठे कुटणार?"

धर्मेंद्रने टेप गुंडाळली. बिचारा जाताना अर्धा किलो मिरची घेऊन गेला, भुसा आहे असं म्हणत. मी किल्ली परत कमरेला अडकवली आणि मागच्या खोलीत जाऊन मनसोक्त रडले. खोलीत तिखट उडत होतंच.

त्यानंतर आम्ही जाड पाकिटं आणली. आखाजीच्या आधी मागच्या खोलीत दोन बाया कामाला आल्या. बाऊजींनी मला टेबल दिलं, खुर्ची दिली, भिंतीला रंग दिला (गुलाबी नाही!), आणि बाहेर पाटीही लावली. पाटीवर दुकानाच्या नावाखाली ठळक अक्षरांत माझा नंबर, तोच मी वेबसाइटवरही टाकला. मी चार जणींना मुद्दाम तिथून चालत नेलं ती पाटी दाखवायला.

पहिल्याच दिवशी फोन वाजला. ठाण्याची बाई. मी घसा खाकरला, खुर्चीत ताठ बसले.

"नमस्कार! बोला, मी मालकीणच बोलतेय!"

पलीकडून बाई अवघडून म्हणाल्या, "अहो, मालकीण म्हणजे... तुम्ही चांगलंच सांगणार ना! त्या तापीबाईंचा फोन लागत नाहीये. तुमच्याकडे आल्यात का?"

मी पुढे डोकावून पाहिलं. तापीबाई पायरीवर बसून बाऊजींनी दिलेला चहा पीत होत्या, आणि चहा पातळ आहे असं त्यांना सांगत होत्या.

"मावशी!" मी खुर्चीतूनच हाक मारली. "या आत. तुमचं गिऱ्हाईक!"